व्हॅलिस्नेरिया म्हणून आणलेलं गवत दर वेळी विरघळतंय? ते बहुतेक व्हॅलिस्नेरिया नाहीच

आधी प्रॉब्लेम सांगते, म्हणजे ज्याच्याकडे हेच चाललंय त्याला दोन ओळींत कळेल. माशांच्या टँकमध्ये लांब पट्टीसारख्या पानांचं झाड लावलंय, दुकानदाराने वॅली, म्हणजे व्हॅलिस्नेरिया, म्हणून दिलंय, आठ-पंधरा दिवस छान चालतं आणि मग एका सकाळी बघावं तर पानं काचेसारखी पारदर्शक झालेली, हात लावला की बोटाला बुळबुळीत गर येतो, पान बुडाशी सुटून वर तरंगायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत सगळा खेळ खलास, वाळूत नुसते खुंट. मासे मात्र ठणठणीत. मग आपण खुंट उपटून कचऱ्यात, परत दुकानात, परत तेच गवत, परत तेच.

मी हे तीन वेळा केलं. चौथ्या वेळी फेकायला वेळ मिळाला नाही म्हणून वाचलं. माझी अक्कल त्यात काही नाही.

टँक माझा दोन फुटी, साधा. बडोद्यात रावपुऱ्यात घरी गणिताच्या ट्यूशन घेते त्या खोलीत ठेवलाय, लेक पुण्याला नोकरीला गेला आणि जाताना टँक माझ्या गळ्यात मारून गेला. खाली बारीक वाळू, थोडे दगड, गप्पी आणि मॉली मासे, एक स्पंज फिल्टर. झाड मेलं की सगळ्यात आधी कळतं ट्यूशनच्या मुलांना, कारण त्यांचं लक्ष गणितात नसतंच. "टीचर, छोड पाछो मरी गयो" (झाड परत मेलं) हे वाक्य मी वर्षात तीनदा ऐकलंय.

आता मी काय काय उपाय केले ते सांगते, कारण तुम्हीही ह्यातलं निम्मं केलं असेल. पहिल्यांदा वाटलं क्लोरीन, म्हणून अँटी-क्लोरीनचे थेंब दुप्पट टाकले. मग वाटलं गोगलगायी खातायत, म्हणून दोन संध्याकाळी बसून गोगलगायी वेचल्या (गोगलगायी सडलेलं पान खातात, धडधाकट पानाला त्या सहसा जात नाहीत, पण सडक्या पानावर गर्दी दिसली की आपण त्यांनाच धरतो). मग दुकानातल्या भाईंनी सांगितलं "बेन, पाणीमां थोडुं मीठुं नाखो", ते टाकलं, मॉली खूश, झाड आणखी लवकर गेलं. मग झाडांसाठी विकतात ती लिक्विड कार्बनची बाटली. ही तर उलटीच पडली असती, कारण त्यात बहुतेक वेळा ग्लुटारअल्डिहाइड नावाचं रसायन असतं आणि खरी व्हॅलिस्नेरिया त्यानेच विरघळते. म्हणजे झाड खरं वॅली असतं तर मी ते स्वतःच्या हाताने मारलं असतं, आणि वॅली नव्हतं तर बाटलीचे पैसे पाण्यात, अक्षरशः.

गंमत म्हणजे व्हॅलिस्नेरियाला काय आवडतं ते मी नीट वाचून काढलं होतं. कडक पाणी चालतं, उलट बरंच, कारण कार्बन डायऑक्साइड कमी पडला तर ती पाण्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन घेऊ शकते. त्यामुळे मे महिन्यात आमच्या टाकीत बोअरचं पाणी सुरू झालं तेव्हा मी निर्धास्त होते, म्हटलं वॅलीची चंगळ. चार दिवसांत सगळं पाणी-पाणी.

मग चौथी खेप. ऑक्टोबरात आणलेलं झाड, जानेवारीपर्यंत टिकलं, मी खूश. मामाच्या घरी कोकणात लग्न होतं, सतरा दिवस मी नसणार, म्हणून जायच्या आधी टँक लखलखीत करून ठेवावा असं डोक्यात आलं. सगळं बाहेर काढलं, वाळू धुतली, झाड परत रोवलं, पाणी जवळजवळ पूर्ण बदललं. निघायच्या आदल्या रात्री पानं काचेसारखी. बॅगा भरायच्या की झाड उपटायचं, म्हटलं जाऊ दे मरू दे, येऊन बघू. सासूबाईंना फक्त माशांना खाणं टाकायला सांगितलं, चिमूटभर, मूठभर नाही.

बाराव्या दिवशी आईंचा फोन. आई म्हणजे सासूबाईच. लग्न कसं झालं, जेवायला काय होतं, ही चौकशी झाली आणि मग म्हणाल्या, "अगं तुझं ते गवत जिवंत आहे हं. नवीन पान येतंय, अळवासारखं सुरळी करून येतंय."

मी म्हटलं आई, गवत कसं सुरळी करेल. तर म्हणाल्या, "मला काय विचारतेस, माझं आयुष्य गेलं अळवाची पानं निवडण्यात, मला अळू कळत नाही का."

बरोबरच होतं त्यांचं. आमच्याकडे खंडेराव मार्केटातून अळवाची जुडी आली की निवडायला आई बसतात, आपल्या अळूवडीलाही आणि शेजारच्या बेनच्या पात्रालाही (गुजराती अळूवडी), आणि अळवाचं कोवळं पान कसं येतं ते ज्याने पाहिलंय त्याला ते विसरता येत नाही, एक कडा आत आणि दुसरी त्याच्यावर गुंडाळलेली, कागदाची पुंगळी करावी तशी, आणि मग ती हळूहळू उलगडते. व्हॅलिस्नेरियाचं पान असं येत नाही, ते पहिल्या दिवसापासून सपाट पट्टीच असतं, नुसतं लांब होत जातं.

इथे गाडी रुळावर आली. अळूच्या कुळात, म्हणजे ज्यात अळू, सुरण हे सगळे येतात, त्यात पाण्याखाली राहणारी एक मंडळी आहे, क्रिप्टोकोराइन. टँकवाले नुसतं क्रिप्ट म्हणतात. आपल्याकडे दुकानांत ज्या जास्त दिसतात त्या रुंद पानांच्या, तपकिरी-हिरव्या, वेंडटी वगैरे, त्या मूळच्या श्रीलंकेच्या, आणि त्यांना कोणी वॅली म्हणत नाही. पण ह्याच वंशात अरुंद, लांब, कडेला लाटा असलेल्या पानांच्या जाती आहेत, आणि त्यातली एक, क्रिप्टोकोराइन रेट्रोस्पायरॅलिस, ही आपल्याच देशातली, सह्याद्रीतून उतरणाऱ्या नद्यांच्या पात्रातली. कलकत्त्याच्या बोटॅनिकल गार्डनचे विल्यम रॉक्सबर्ग यांनी तिचं वर्णन केलं तेव्हा तिला दुसऱ्याच वंशात घातलं होतं, मग १८४१ मध्ये कुंथ यांनी ती क्रिप्टोकोराइनमध्ये आणली. म्हणजे ओळखण्यात घोटाळा करणारी मी काही पहिली नाही.

आणि योग बघा, फोन आला तेव्हा मी कोकणातच. दुसऱ्या दिवशी सकाळी मामेभावाबरोबर नदीवर गेले. जानेवारीची नदी, पाणी घोट्याएवढं, मधे मधे नुसते गोटे. दादाला म्हटलं, इथे पाण्यात गवतासारखं काही येतं का, अळवाच्या जातीचं. तो म्हणाला, "गवत तर सगळीकडेच आहे, कुठलं पाहिजे तुला?" मग मीच वाकून वाकून शोधलं. दोन मोठ्या गोट्यांच्या फटीत, अर्धं पाण्यात अर्धं उघड्यावर, वीतभर लांब अरुंद पानांचा झुबका. हात लावला तर टँकमधल्या पानापेक्षा जाड आणि ताठ, पण कडेची तीच लाट, मधली शीर तशीच ठळक. आणि मधोमध एक नवीन पान, पुंगळी. आईंनी फोनवर सांगितलं होतं अगदी तसं. बाजूला बुडाशी काहीतरी पीळ घातलेलं, मळकट रंगाचं, मेणबत्तीच्या वातीएवढं वर आलेलं, ते तिचं फूल. म्हणजे फूल आत असतं, आपल्याला दिसतं ते त्याच्यावरचं वेष्टण. तळाशी फुगीर कप्पा, त्यात खाली मादीफुलं आणि वर नरफुलं, बारीक माश्या आत शिरतात आणि काही वेळ अडकून पडतात. क्रिप्टोकोराइन नावाचा ग्रीकमधला अर्थच लपलेला सोटा.

एक झुबका हलवून बघितला, हलेना. मुळं गोट्यांच्या खाली खोल वाळूत गेलेली. दादा म्हणाला, "राहू दे, निघायची नाही ती. पावसात ह्याच्यावरनं पुरुषभर पाणी जातं तरी जात नाही. मे महिन्यात आलीस तर इथे काही दिसणार नाही तुला, वाळून जातं. गणपतीनंतर पाणी उतरलं की परत उगवतं."

मी पाण्यात उभी राहून माझ्या तीन कचऱ्यात गेलेल्या झाडांचा हिशोब करत होते.

कारण सगळं ह्याच्यातच आहे. ज्या झाडाचं घर असं आहे, की जून ते सप्टेंबर डोक्यावरून पूर, मग पाणी उतरणार, मग उघड्यावर ऊन, मग कोरडी वाळू, ते पानांचा मोह धरत नाही. परिस्थिती बदलली की जुनी पानं टाकून देतं आणि वाळूखालच्या गड्ड्यातून, म्हणजे रायझोममधून, नव्या परिस्थितीला जमतील अशी पानं काढतं. पूर आला तर पुराची पानं, उघडं पडलं तर उघड्यावरची. टँकवाले ह्याला क्रिप्ट मेल्ट म्हणतात आणि घाबरतात, पण जमिनीखाली झाड शाबूत असतं, मरतं ते आपण उपटून फेकल्यावर.

घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर मागच्या खेपांच्या तारखा लावून बघितल्या (ट्यूशनची फी लिहिते त्याच्याच बाजूला झाडाची खरेदी लिहिलेली होती, सवय). पहिली खेप, दुकानातून आणल्यावर नवव्या दिवशी, म्हणजे जागा बदलली. दुसरी, मे महिना, बोअरचं पाणी. आमच्या सोसायटीत एरवी कॉर्पोरेशनचं पाणी येतं, शहरात ते आजवा तलावातून आणि मही नदीच्या विहिरींतून येतं, माझ्या टीडीएस मीटरवर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो तो) अडीचशेच्या आसपास दाखवतं, आणि उन्हाळ्यात कमी पडलं की बोअर चालू करतात, ते हजारला टेकलेलं. तिसरी खेप ऑगस्ट, जुनी ट्यूब गेली म्हणून भारीतली एलईडी लावली आणि कौतुकाने दहा-दहा तास चालू ठेवली. चौथी माझी ती लग्नाआधीची साफसफाई. चार वेळा चार वेगळी कारणं, आणि मी एकच कारण शोधत होते म्हणून सापडत नव्हतं. बोअरचं पाणी वाईट नव्हतं, एलईडीही वाईट नव्हती, एकदम बदललं ते वाईट. हळूहळू कडक पाण्यावर आणलं असतं तर ह्याने ते चालवून घेतलं असतं.

आता तुमच्याकडचं नक्की काय आहे ते कसं बघायचं. फोटोवरून नका ठरवू, हातात घेऊन बघा.

सगळ्यात आधी हे बघा की ते पाण्यातलं झाड तरी आहे का. हसू नका, स्पायडर प्लांट, ड्रॅसिना, लकी बांबू ही सगळी जमिनीवरची मंडळी टँकसाठी म्हणून विकली जातात, महिना-दोन महिने पाण्याखाली उभी राहतात आणि मग बुडापासून कुजतात, त्यांना पाण्याखाली कोणीच वाचवू शकत नाही, बाहेर काढून कुंडीत लावा. ओळख सोपी आहे. पाण्याबाहेर आडवं धरा, पान ताठ उभं राहिलं आणि वर मेणचट चकाकी असली तर बहुतेक जमिनीवरचं. पाण्यात वाढलेलं पान ओल्या रिबिनीसारखं लोंबतं.

मग कोवळं पान. झुबक्याच्या मधे जे सगळ्यात लहान पान आहे ते भिंगातून किंवा मोबाइलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. एकावर एक कडा गुंडाळलेली पुंगळी असेल तर क्रिप्ट. दोन्ही कडा दोन बाजूंनी आत वळून मधे भेटत असतील, पत्राची घडी घालावी तशा, तर ती लॅजिनँड्रा, तिची जवळची बहीण, दक्षिण भारत आणि श्रीलंकेतली, हल्ली दुकानांत दिसायला लागलीय. पुंगळीच नसेल, सपाट पट्टीच असेल, तर वॅली किंवा तिच्यासारखंच दिसणारं सॅजिटेरिया.

पान उजेडासमोर धरलं तरी बरंच कळतं. क्रिप्टला मधे एक ठळक शीर असते आणि पान बुडाकडे निमुळतं होत देठासारखं होतं. वॅलीला देठ नाहीच, पट्टी थेट बुडातून निघते, आत समांतर शिरा आणि हवेच्या बारीक नळ्या दिसतात, आणि टोकाजवळची कड नखाने उलटी खरवडली तर बारीक दातेरी लागते. सॅजिटेरियाचं टोक जास्त अणकुचीदार आणि पान थोडं जाडसर, ते मूळ अमेरिकेकडचं. कडेला लाट दिसली म्हणजे क्रिप्टच असं मात्र समजू नका, वॅलीच्या काही प्रकारांनाही पीळ असतो.

पिल्लं बघितली तर बहुतेक शंका उरत नाही. वॅली धावरे, म्हणजे आडव्या पळणाऱ्या फांद्या, सोडते आणि एका रांगेत पटापट पिल्लं घालते, महिन्याभरात टँकभर होते, तुम्ही उपटून वैतागता. क्रिप्टचं पिल्लू वाळूखालून येतं, कधी वीतभर लांब, आणि त्याला त्याचा वेळ लागतो. तुमची "वॅली" चार महिन्यांत एकही पिल्लू घालत नसेल तर संशय घ्या. आणि वॅली फुलली तर मग प्रश्नच मिटला, तिचं मादीफूल लांब दोऱ्यासारख्या देठावर पाण्याच्या वर येऊन तरंगतं, नरफुलं बुडाशी सुटून वर येतात आणि वाहत वाहत तिच्याकडे जातात, आणि काम झालं की तो दोरा स्प्रिंगसारखा आवळून फळ खाली ओढून नेतो. व्हॅलिस्नेरिया स्पायरॅलिस ह्या जातीच्या नावातलं स्पायरॅलिस त्या स्प्रिंगवरनं.

क्रिप्टमधली नेमकी जात कुठली ह्याच्या मागे पानांवरून लागू नका. आपली रेट्रोस्पायरॅलिस आणि थायलंड-व्हिएतनामकडची क्रिस्पॅटुला ह्यांची पानं इतकी सारखी असतात की बाजारात वर्षानुवर्षं तिकडच्या झाडांनाही रेट्रोस्पायरॅलिसच म्हणत आलेत. फूल बघितल्याशिवाय ते ठरत नाही, आणि फूल यायला बहुतेक वेळा झाड उघड्यावर किंवा अगदी उथळ पाण्यात वाढवावं लागतं. सांभाळायला दोघींना एकच रीत चालते, त्यामुळे मी डोकं लावलं नाही.

बरं, आता पानं विरघळायला लागलीच असतील तर काय करायचं. काहीही उपटू नका, ही पहिली गोष्ट आणि तीच सगळ्यात कठीण. मऊ झालेली पानं कात्रीने बुडाशी कापून बाहेर काढा, नाहीतर ती पाण्यात कुजतात, अमोनिया वाढतो आणि मग मासेही आजारी, आणि तेव्हा तुम्हाला वाटतं की पाण्यातच काहीतरी आहे. चांगलं पान एखादं असेल तर राहू द्या. कापताना गड्डा बोटाने हळूच दाबून बघा, टणक असेल तर जिवंत आहे, मऊ होऊन वास मारत असेल तर तो मात्र गेला. हात खाजला तर घाबरू नका, अळू चिरताना खाजतं तेच कारण, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे कण.

मग तीन-चार आठवडे हात बांधून बसायचं. लाइट सहा तास, रोज त्याच वेळी, मी पंधरा रुपयांच्या वहीत लिहून ठेवायचे ते सोडून शेवटी टायमर घेतला. पाणी आठवड्याला पाचवा हिस्सा बदलायचा, त्याहून जास्त नाही. मुळाजवळ वाळूत खताची एक गोळी, रूट टॅब म्हणतात ती, कारण हे झाड बरंचसं खाणं मुळातून घेतं आणि धुतलेल्या वाळूत खायला काही नसतं. वाळू चढवताना झाडाचा मधला कोंब पुरला जाणार नाही हे बघा. पहिलं पान यायला मला एकदा बारा दिवस लागले, एकदा पंचवीस. मधल्या काळात टँक ओसाड दिसतो, पाहुणे विचारतात, सांगायचं की शेती पडीक ठेवलीय.

बोअरच्या पाण्याचं मी असं केलं की एप्रिलच्या सुरुवातीपासूनच, कॉर्पोरेशनचं भरपूर येत असतानाही, बदलायच्या पाण्यात दर आठवड्याला एक-एक मग बोअरचं मिसळत गेले. मे महिन्यात टाकीत फक्त बोअर आलं तेव्हा झाडाला धक्का बसलाच नाही, दोन जुनी पानं गेली बस. टीडीएस मीटर कडकपणा मोजत नाही, सगळे विरघळलेले क्षार एकत्र मोजतो, पण आकडा एकदम उडी मारतोय का एवढं कळायला तो पुरतो.

उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं कारण बडोद्याचा मे महिना काही सह्याद्रीतल्या झऱ्यासारखा नाही. माझ्या टँकचं पाणी ३३ डिग्रीपर्यंत गेलंय. वरचं झाकण काढून पाण्यावर छोटा टेबलफॅन तिरका लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन डिग्री उतरतं, पाणी मात्र रोज थोडं आटतं ते भरत राहायचं, आणि भरताना आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं घालायचं, कारण वाफेबरोबर क्षार जात नाहीत, ते टँकमध्येच साठत जातात. बर्फाच्या पिशव्या टाकू नका, परत एकदम बदल, परत तेच रडगाणं.

अजून एक जोडगोळी आहे जिच्यात असाच घोळ होतो, पटकन सांगते. हायड्रिला म्हणून आणलेलं झाड उन्हाळ्यात काळं पडून जात असेल तर ते एजेरिया असू शकतं. हायड्रिला आपल्याकडचीच, तलावात भरपूर, दहावीच्या पुस्तकात उलट्या नरसाळ्याखाली बुडबुडे सोडत बसते तीच. तिच्या एका पेराला चार ते आठ पानं, बहुतेक पाच, आणि कडा हाताला खरखरीत लागतात. एजेरिया दक्षिण अमेरिकेची, पेराला बहुतेक चार पानं, हाताला मऊ, आणि तिला गार पाणी आवडतं. तीन-तीन पानं असतील तर एलोडिया, ती उत्तर अमेरिकेची. माझ्या ट्यूशनच्या दोन मुलांना पानं मोजायला बसवलं तर त्यांनी वीस मिनिटं गणित टाळलं, पण मोजली बरोबर.

आणि जे काही छाटाल ते सुरसागर तलावात किंवा विश्वामित्री नदीत टाकू नका, घरातलं झाड बाहेरच्या पाण्यात कसं माजेल सांगता येत नाही. आपली हायड्रिला १९५० च्या दशकात टँकवाल्यांच्या हातून फ्लोरिडात पोचली आणि तिथले लोक अजून ती काढतायत, आणि जलपर्णी दक्षिण अमेरिकेतून इकडे आली ती आपण अजून काढतोय, फिटंफाट. उलटंही नको, नदीतून झाड उपटून आणू नका. कोकणातला तो झुबका मी तिथेच ठेवला, फक्त फोटो काढला. विश्वामित्रीत तर उतरायचा विचारही करू नका, तिथल्या मगरी झाडं ओळखायला थांबत नाहीत.

सध्या माझ्या टँकमध्ये त्या खुंटाची सात झाडं झालीत, पाठीमागच्या काचेवर पानं वर जाऊन पाण्यावर आडवी पडतात. आई रोज सकाळी खाणं टाकताना पुंगळ्या मोजतात आणि मला आकडा सांगतात. दुकानातल्या भाईंना मी सगळं समजावलं, त्यांनी "अच्छा अच्छा" म्हणून ऐकलं आणि पाटी वॅलीचीच ठेवली. मागच्या आठवड्यात त्यांच्याकडच्या चार कुंड्यांची पानं विरघळली होती, ते फेकायला निघाले होते. मी दाबून बघितल्या, तीन टणक होत्या. दहा रुपयाला तिन्ही घेऊन आले, ते मला वेडी समजले असतील.